डागी तलवारींचा बाजार

शिवजयंती जवळ आली, किंवा दसरा-दिवाळीचे दिवस आले, की तलवारी विकणाऱ्यांची पत्रके निघतात. पूर्वी ती हातात पडत, आता मोबाइलवर येतात, एवढाच फरक. जुन्या बनावटीबरहुकूम नव्याने केलेल्या तलवारी : धोप, फिरंग, खंडा, मराठा मुठीची, मोगली मुठीची. पैकी ज्यांच्यावर ओरखडा आहे, मुलामा उडाला आहे, म्यानाचे कातडे सुरकुतले आहे, त्या निम्म्या भावात. ‘किरकोळ डाग; वापरास हरकत नाही’ असे खाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते. मग तालमीचा एखादा तरुण चिटणीस, हौशी नाटकमंडळीचा व्यवस्थापक, नाही तर शाळेच्या संमेलनाचे लष्कर उभे करणारा शिक्षक माझ्याकडे येतो आणि विचारतो, घ्यावी का हो? निम्म्यात मिळते आहे. तालमीच्या शस्त्रांची देखभाल बरीच वर्षे माझ्याकडे आहे, म्हणून हा प्रश्न माझ्या दारी येतो.

त्यावर गावात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, बेशक घ्या. मिरवणुकीत मिरवायची वस्तू, तिच्यावरचा ओरखडा पाहतो कोण? दुसरा म्हणतो, छे छे, महाराजांच्या नावाने हातात धरायची तलवार आणि ती डागी? मला या दोन्ही पक्षांशी भांडायचे आहे. हा प्रश्नच मुळी चुकीच्या टोकाने धरलेला आहे, आणि तलवार चुकीच्या टोकाने धरली म्हणजे काय होते ते सांगायला नको. माझे म्हणणे असे : ज्या डागासाठी विक्रेता पैसे सोडतो तो डाग बहुधा निरुपद्रवी असतो, आणि जो डाग माणसाला जायबंदी करतो त्यासाठी कोणी एक पैही सोडीत नाही, कारण तो कोणी पाहिलेलाच नसतो. मग ती तलवार निम्म्या भावाची असो वा पुऱ्या भावाची.

कारखान्यातून माल बाहेर पडताना तो निवडतात. निवडणारा माणूस पाते उजेडात धरतो, हाताने मूठ चाचपतो, म्यानात घालून काढून पाहतो. चकाकी एकसारखी नसली, मुठीवरची नक्षी तिरकी बसली, परज जरा कलती वाटली, की तो नग बाजूच्या ढिगात जातो. ही निवड डोळ्यांची आहे. तो मूठ उतरवून आत पाहत नाही. पाहणे त्याला परवडणारही नाही. म्हणजे ‘अव्वल’ आणि ‘डागी’ हे दोन ढीग त्याने ज्या कसोटीवर लावले, तिचा पात्याच्या बळाशी काहीएक संबंध नाही. मंडईत आपण डागी आंबा निम्म्या भावात घेतो, घरी डाग कापून टाकतो आणि उरलेला खातो. तो सौदा खरा, कारण आंब्याचा डाग आत किती गेला आहे ते सुरी लावताच कळते. पण माठ घेताना आपण काय करतो? बोटाने वाजवून घेतो. रंग कुठे फिका आहे यासाठी कोणी घासाघीस करीत नाही. तडा आहे की नाही एवढेच ऐकतो. तलवार आंब्याच्या जातीची नसून माठाच्या जातीची आहे, आणि बाजार मात्र ती आंब्यासारखी विकतो आहे.

आता या आतल्या तड्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सगळा प्रश्न तिथे आहे.

पोलाद तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवले की ते कठीण होते. याला आपल्याकडे पाणी देणे म्हणतात, आणि पाणीदार हा शब्द माणसांनाही आपण तिथूनच लावतो की काय, असे मला वाटत आले आहे. पण नुसते पाणी दिलेले पाते काचेसारखे ठिसूळ असते. ते पुन्हा मंद आचेवर तापवून त्याचा ताठा थोडा उतरवावा लागतो. हे दुसरे तापवणे दिसत नाही, त्याला वेळ लागतो, आणि ते गाळले तरी पाते तितकेच चकाकते. बेतालपणे पाणी दिले तर पात्यात केसासारखी चीर पडते. वर घासकाम आणि मुलामा झाला की तीही झाकली जाते. पुष्कळशा स्वस्त प्रतिकृती तर स्टेनलेस पोलादाच्या असतात. स्वयंपाकघरातल्या वीतभर सुरीला ते पोलाद उत्तम. पण तेच अडीच हात लांब करून फिरवले की पाते तरफेसारखे काम करते. टोकाला बसलेल्या हिसक्याचा सारा भार मुठीजवळ येतो. अशा लांब पात्याला ते पोलाद कठीण केले तर पुरेसे चिवट राहत नाही, आणि मऊ ठेवले तर वाकून बसते.

गावठी लोहार त्यापेक्षा ट्रकचा जुना पाटा बरा समजतात, आणि पोलादाच्या जातीपुरते त्यांचे म्हणणे बरोबर आहे. तो लवचीकच असावा लागतो. मात्र लाख खड्ड्यांतून गेलेल्या पाट्यात स्वतःच्या चिरा असू शकतात, आणि त्या तलवारीत जशाच्या तशा उतरतात.

मुठीच्या आत काय आहे, हा याहून मोठा प्रश्न. पात्याची एक शेपटी मुठीत शिरलेली असते. जुन्या हिंदुस्थानी तलवारीत ती आखूडच असे आणि पोकळ मुठीत लाखेसारख्या चिकट द्रव्याने बसवीत. तापवले की मूठ सुटे, आणि म्हणून एकाच पात्याला तीन पिढ्यांत तीन मुठी बसलेल्या आढळतात. त्या कारागिराला मूठ आणि पाते यांचे नाते ठाऊक होते. आजच्या शोभेच्या तलवारीत कित्येकदा पात्याच्या बुडाला खिळ्याएवढी सळई डाग देऊन जोडलेली असते आणि मागून नट आवळलेला असतो. (पाहा, जोडकामालाही आपण ‘डाग देणे’च म्हणतो, पण या डागासाठी किंमत कमी झालेली मी पाहिली नाही.) जिथे रुंद पाते एकदम काटकोनात अरुंद होते, तिथे त्या आतल्या कोपऱ्यात ताण गोळा होतो. १९२१ साली ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज इंजिनियरने काचेवर प्रयोग करून हे दाखवले, की पदार्थाची ताकद त्याच्या जाडीवर विसंबून नसते, त्याच्यातल्या बारीकशा चिरेवर असते. चीर ठरावीक लांबीपलीकडे गेली की ती आपोआप धावत सुटते. त्या क्षणापर्यंत बाहेरून काही कळत नाही. शंभर वार झाले, काही झाले नाही. एकशे एकाव्याला पाते हातातून गेले. ‘गेल्या वर्षी याच तलवारीने खेळलो की’ हा पुरावा म्हणून सांगणाऱ्यांनी हे जरा ध्यानात घ्यावे. गेल्या वर्षीचा खेळ पात्याच्या बाजूने साक्ष देत नाही. फार तर तो त्याच्या आयुष्यातून वजा झालेला असतो.

आमच्या तालमीत एकदा असेच पाते गेले. तलवार डागी नव्हती, चांगली पुऱ्या भावाची होती, मखमलीच्या पेटीतून आलेली. प्रात्यक्षिकात पोरगा फिरकी घेत होता. मूठ हातात राहिली आणि पाते मांडवाच्या बांबूवर आदळून खाली पडले. त्या बांबूपासून दोन हातांवर बायका मुले मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मुठीत पाहिले तर करंगळीहून बारीक सळई, जोडावर मोडलेली, आणि मोडलेल्या तोंडाचा अर्धा भाग गंजून काळा पडलेला. म्हणजे चीर आदल्या पावसाळ्यापासूनची असावी. ती तलवार विकणाऱ्याकडे नेली तेव्हा त्याने शांतपणे पेटी उलटी करून दाखवली. मागे छापले होते : केवळ शोभेसाठी.

हा ‘शोभेसाठी’ शब्द माझ्या मते या धंद्यातला सर्वांत मोठा डाग आहे. पुढच्या बाजूला घोड्यावरचा स्वार तलवार उगारतो आहे, आणि मागच्या बाजूला दोन शब्दांत कारखानदार हात झटकून मोकळा. शोभा म्हणजे काय? भिंतीवरची शोभा की चौकातली? भिंतीवरच टांगायची असेल तर माझे काही म्हणणे नाही. खुशाल डागी घ्या, निम्म्यातही घासाघीस करा, खिळा तेवढा पक्का ठोका. पण ज्याला विकतो आहोत तो आखाड्याचा चिटणीस आहे, वीस नग एकदम मागतो आहे, हे विक्रेत्याला दिसत असते. त्याला शोभा म्हणून विकायचे आणि तो खेळणार हे मनात ठेवायचे, याला मी व्यापार म्हणत नाही.

“पण काका, धार कुठे आहे तिला?” असे आमचा चिटणीस मला म्हणाला. मुलगा हुशार आहे, जमाखर्च चोख ठेवतो, आणि हा युक्तिवाद मी फार जणांच्या तोंडून ऐकला आहे. धार नाही म्हणजे भय नाही! याला उत्तर म्हणून १९८२ सालची रोमची हकीकत सांगतो. तिथे तलवारबाजीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा चालू होती. सोव्हिएत संघाचा व्लादिमीर स्मिर्नोव्ह, १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमधला फॉइलचा सुवर्णपदकविजेता, आणि पश्चिम जर्मनीचा मॅथियस बेर यांची लढत होती. फॉइलला धार नसते. टोकाला बोथट बोंड असते. खेळणारे दोघेही जगातले निवडक, पंच समोर, चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा. वार करताना बेरचे पाते मोडले आणि मोडका भाग जाळी भेदून स्मिर्नोव्हच्या डोळ्यातून मेंदूत गेला. काही दिवसांनी तो वारला. बेरचा दोष कोणीच काढला नाही; दोष होता मोडणाऱ्या पोलादाचा आणि जाळीचा. त्यानंतर मुखवटे, अंगरखे, पाती यांचे नियम कडक झाले, आणि ज्यात चीर सावकाश पसरते असे मॅरेजिंग नावाचे पोलाद मोठ्या स्पर्धांतून आले.

बोथट पाते मोडले की धारदार होते. मोडलेल्या तोंडाला कोणी बोंड लावून ठेवलेले नसते. आणि आमच्या चौकात तर मुखवटाही नाही, अंगरखाही नाही. डोक्याला फेटा आणि पुढच्या रांगेत शाळकरी पोरे. या शतकाच्या पहिल्या दशकात एक चलचित्र जगभर फिरले. अमेरिकेतल्या एका विक्रीच्या वाहिनीवर जपानी धर्तीची स्वस्त तलवार किती मजबूत आहे हे दाखवण्यासाठी विक्रेत्याने ती टेबलावर आपटली. पाते मोडले आणि तुकडा त्याच्याच अंगात घुसला. लोक ते पाहून हसतात. मला त्यात हसण्यासारखे एवढेच दिसते, की निदान त्या वेळी जखम विकणाऱ्याला झाली. एरवी सवलत घेणारा एक असतो, पैसे देणारी समिती दुसरी असते, आणि पाते लागते ते तिसऱ्यालाच.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. डागी तलवार हा इतिहासाचा अपमान, असे म्हणणाऱ्या मंडळींनी एखाद्या संग्रहालयातल्या खऱ्या तलवारी जवळून पाहाव्या. खाचा, गंजाचे खड्डे, बदललेल्या मुठी, झिजलेला मुलामा. कोल्हापूर दरबाराने १८७५-७६ साली वेल्सच्या युवराजाला दिलेली आणि आज इंग्लंडच्या राजसंग्रहात असलेली, शिवछत्रपतींची म्हणून सांगितली जाणारी जगदंबा घ्या. तिचे पाते युरोपी बनावटीचे आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावात पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आणली. तिचेही पाते युरोपी, आणि त्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत ‘फिरंग’ हा शब्द. आपल्या पूर्वजांनी पाते कुठून आले आणि कसे दिसते यापेक्षा ते कसे वागते हे पाहिले, आणि चांगले पाते मिळाले की त्यावर आपली मूठ चढवली. चकाकीचा सोस त्यांचा नव्हे, आपला आहे. मखमलीची पेटी, सोनेरी मुलामा आणि मुठीवर सिंहाचे तोंड यांत पैसे घालून आत खिळ्याची सळई ठेवणारी वस्तू ज्यांना सन्माननीय वाटते, त्यांनी ओरखड्याने इतिहासाचा अपमान होतो असे म्हणू नये. दांडपट्ट्याला २०२४ साली राज्यशस्त्राचा मान मिळाला, याचा मला इतर कोणाइतकाच आनंद आहे; पण मानाने पात्याला लवचीकपणा येत नाही.

विक्रेते म्हणतात, आम्ही काय प्रत्येक पाते वाकवून पाहायचे? का नाही? लंडनच्या हेन्री विल्किन्सनने १८४४ च्या सुमारास पाती पारखण्याचे एक यंत्र आणले. कसोटीला उतरलेल्या पात्यावर मुठीजवळ एक छोटी पितळी टिकली बसवीत. ज्याने तलवार घेतली त्याला टिकली पाहून कळे, की हे पाते एकदा तरी वाकून सरळ झालेले आहे. आणि जिथे ही काळजी सुटली तिथे काय झाले तेही नोंदलेले आहे : १८८५ च्या सुदानच्या मोहिमेत संगिनी वाकल्याच्या तक्रारी झाल्या आणि पार्लमेंटात त्यावर गदारोळ उठला. तो सरकारी अव्वल माल होता, डागी ढिगातला नव्हे. आमच्या विक्रेत्यांनी पेटीच्या मागचे दोन शब्द छापण्यापेक्षा मुठीजवळ एक टिकली बसवावी. मी दुप्पट पैसे देईन, आणि ओरखडे कितीही असोत.

तोवर ही पारख आपणच केली पाहिजे. आमच्याकडे येणारी प्रत्येक तलवार, भाव काहीही असो, आधी मूठ उतरवून पाहिली जाते. मूठ उतरत नसेल किंवा विक्रेता उतरवू देत नसेल तर ती तलवार भिंतीची, खेळाची नव्हे. शेपटी पात्याच्या पोलादातलीच सलग हवी, रुंद हवी, आणि तिचा कोपरा काटकोनी नसून गोलसर हवा. मग पात्याला रॉकेल किंवा पातळ तेल चोळून अर्धा तास ठेवायचे, कोरडे पुसायचे आणि वर खडूची भुकटी पसरायची. चीर असेल तर आत शिरलेले तेल भुकटीत वर येते आणि ओली रेघ उमटते. रेल्वेच्या कारखान्यांत आस आणि चाके याच युक्तीने तपासत. तिला यंत्र लागत नाही, शाळेतला खडू पुरतो. रेघ मुठीकडच्या वीतभर भागात दिसली की पुढचे काही करायचेच नाही. नाही दिसली तर पाते लाकडी ठोकळ्यावर आडवे आपटून पाहायचे, आणि टोक लाकडावर टेकवून बेताने वाकवायचे. तोंडावर जाळी, जवळ कोणी नाही. सुटल्यावर ते सरळ झाले पाहिजे. वाजवूनही पाहावे. माठासारखेच, भद्द आवाज आला तर संशय घ्यावा. मात्र खणखणीत आवाज आला म्हणून निर्धास्त होऊ नये.

या कसोट्यांना डागी ढिगातल्या तलवारीही उतरतात, हे मला मुद्दाम सांगितले पाहिजे. आमच्याकडच्या सर्वांत विश्वासू दोन पात्यांपैकी एकावर टोकापासून मध्यापर्यंत घासणीचा आडवातिडवा ओरखडा आहे आणि तिची परज एका अंगाला झुकलेली आहे. ती निम्म्या भावात मिळाली. तिच्या मुठीत अंगठ्याएवढी रुंद शेपटी आहे. ज्या वेड्याने तिला डागी ठरवले त्याचे मी दर दसऱ्याला आभार मानतो. पण ती निम्म्या भावात मिळाली म्हणून घेतली नाही. उतरवून पाहिली म्हणून घेतली, हा भेद चिटणीस मंडळींच्या गळी उतरत नाही.

कायद्याचेही एक वाक्य लिहून ठेवतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत तलवारीचा नावानिशी उल्लेख आहे, आणि नऊ इंचांहून लांब पात्याच्या सुऱ्याही त्यांत येतात. ‘शोभेची’ म्हटल्याने पोलीस ठाण्यात प्रश्न मिटेलच असे नाही. शिवाय मिरवणुकीच्या दिवसांत १९५१ च्या पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रे घेऊन फिरण्यास पुष्कळ शहरांत मनाई निघते. डागी ढिगातला माल बिलाशिवाय देण्याची चाल आहे. बिल आणि मिरवणुकीची लेखी परवानगी नसेल तर वाचलेले निम्मे पैसे वकिलाकडे जातील.

राहिला पैशाचा मुद्दा, आणि तो खोटा नाही. तालमींकडे पैसा नसतो. वीस पोरे शिकायला येतात, वीस चांगल्या तलवारी घेणे होत नाही, म्हणून चिटणीस बिचारा वीस स्वस्त तलवारींचे गणित मांडतो. मी त्याला त्या पैशात चार घ्यायला लावल्या. शिकणाऱ्यांनी वर्षभर वेताच्या काठीवर हात बसवावा. तलवार वस्ताद देतील त्याला, देतील तेव्हा. मिरवणुकीत चार जण खेळतील, दमले की दुसरे चार. पहिल्या वर्षी पालकांची कुरकुर झाली, की आमच्या मुलाच्या हातात काठीच का? त्यांतल्या एकाला मी ती मोडलेली सळई दाखवली. त्याने ती हातात घेऊन पाहिली आणि विचारले, ही कितीला पडली होती? पूर्ण भावाला, म्हणालो. त्याच्या मुलाला तलवार तिसऱ्या वर्षी मिळाली. झुकलेल्या परजेची तीच.